वीस वर्षांनंतरचं गाव

फोर्तुनाताने काठी उचलली आणि वीस वर्षांनंतरचं गाव दाखवायला सुरुवात केली. चौकात त्यांचं पुकारुमी गाव मातीत मांडलं होतं. निळ्या लोकरीचे पाट, शेवाळाची कुरणं, डोंगराखाली साठवणीचं तळं. निधी हवा तर प्रत्येक गावाने असा उद्याचा नकाशा समितीसमोर मांडायचा. सरकारने परदेशातून नाममात्र व्याजाने कर्ज आणलं होतं. ज्याचा नकाशा पटेल त्या गावाला त्यातला वाटा. यंदा तळं झालं नाही, तर उरलेली अल्पाका जनावरंही पाण्याअभावी विकावी लागणार होती.

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. ही तर खरीच माती विकायला उभी होती. शेजारच्या गावाने नकाशात विमानतळ मांडला होता. त्यावर तिने टोमणा मारला, लोक हसले. निधी मिळालाच, असं तिला वाटलं.

समितीतले पाचही जण आसपासचे शेतकरीच. त्यातली म्हातारी वलेरियाना खाली बसली आणि ही घरं कोणाकोणाची, असं विचारू लागली. फोर्तुनाताने भराभर नावं सांगितली. ज्याने त्याने आपलं घर आपल्या हाताने करून ठेवायचं, अशी रीतच होती. एकतीस कुटुंबं, एकतीस घरं.

"तेव्हा तुझं वय काय असेल गं?"

"एकोणऐंशी."

"आणि यातलं सगळ्यात तरुण कोण?"

फोर्तुनाता नावं आठवू लागली. एउसेबियो, तोही तेव्हा सासष्ट वर्षांचा. नकाशात शाळा होती, पण एकाही घरात मूल नव्हतं. कोणी ठरवून केलं नव्हतं. प्रत्येकाने आपली पोरं मनातल्या मनात कधीच शहरात धाडली होती. तिने स्वतः तर येनीचं, आपल्या धाकटीचं, अरेकिपाचं तिकीटही काढलं होतं. बस उद्याची होती. इथे राहून जन्मभर जनावरं राखणार का, असं तिला वर सुनावलंही होतं.

"हे कर्ज देश चाळीस वर्षं फेडणार," वलेरियाना म्हणाली. "तळ्याचं पाणी वापरणार कोण?"

फोर्तुनाताने काठी टाकली, ओली माती उचलली आणि गर्दीत उभ्या असलेल्या येनीकडे वळली.

"येनी, तुझं घर कुठे ठेवू?"

"मी काल तळ्याकाठी ठेवलं होतं, आई. पोरांचा खेळ समजून तूच ते मोडलंस."