बारा वर्षांचं ‘तुम्ही’

एतिएनची बायको सोलांज पहाटे वारली, आणि दुपारपर्यंत ती बातमी पॅरिसभर झाली. संध्याकाळी तिची सगळी कवी-चित्रकार मंडळी त्याच्या सुतारखान्यात, तिच्या शवपेटीभोवती जमली. तो त्यांच्या चित्रांना चौकटी करायचा. त्यांच्या वादांत कधी पडायचा नाही.

उद्या दफनाच्या वेळी कवी गास्तों बोलणार होता. बारा वर्षं तो या घरी जेवला, आणि सोलांजला कायम “तुम्ही, मादाम” म्हणत आला. आज तो शवपेटीवर वाकला आणि हुंदका देत म्हणाला, “तू मला न सांगताच गेलीस?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दचकला तो एकटा एतिएन.

“म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?”

“अहो, आपल्या मंडळीत हे चालायचंच,” एक चित्रकार समजुतीनं म्हणाला. “प्रेमावर कुणाची मालकी नसते.”

एतिएननं गास्तोंची कॉलर धरली. “मग माझं मीठ खाताना ‘तुम्ही, तुम्ही’ कशाला करत होतास रे? चालते व्हा सगळे!”

मंडळी गेली. दफनाआधीचे चार शब्द आता त्यालाच बोलायचे होते, आणि त्यातला एकही अजून सुचला नव्हता.