बारावा ससा

बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. शाळेच्या वार्षिक अंकाची पानं दुपारी छापायला जायची होती, आणि दुसरीच्या मुलांनी 'स्वतः' लिहिलेल्या गोष्टींत आत्तापर्यंत अकरा ससे झाले होते. सगळे मेहनती, सगळे आज्ञाधारक, सगळे आईवडिलांच्या अक्षरात. आता टेबलासमोर बारावा उभा होता. म्हणजे ससा कागदावर, आणि तो कागद धरून एका मुलीचे वडील.

"आधीची काढा आणि ही घाला," वडील म्हणाले. "ती तिनं आपली कशीतरी खरडली होती."

"अहो, अख्ख्या अंकात तेवढी एकच मुलाच्या डोक्यातून आलेली गोष्ट आहे!" बाईंचा पारा चढला. त्यांनी वहीतून फाडलेलं पान उचललं आणि मोठ्यानं वाचलं. "जिन्याला भूक लागली. त्यानं सगळ्यात खालची पायरी खाल्ली. मग वरच्या मजल्यावरच्या आजीनं त्याला आपली काठी दिली. काठी खाऊन जिना आजीसारखा हळूहळू खाली उतरायला लागला."

"जिना कुठे जेवतो का? बाई, मी इंजिनिअर आहे. जिने बांधतो मी. लोक हसतील मला."

"आणि हा ससा?"

"सशाला भूक लागू शकते. शिवाय शेवटी तात्पर्य आहे."

तात्पर्य होतंच. 'नेहमी सकस आहार घ्यावा.' बाईंना वाटलं, जाऊन भिंतीवर डोकं आपटावं. पंधरा वर्षं घसा कोरडा करून त्या सांगत होत्या, मुलांना लिहू द्या हो, मुलांना लिहू द्या. ऐकतंय कोण! आता ही गोष्ट गेली की अंकात मुलांचं म्हणून एक अक्षर उरणार नव्हतं.

मुलगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"तूच सांग गं. कुठली छापू?"

तिनं आधी वडिलांच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या. "बाबांची."

"अगं, पण तुझी किती..." संतापानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबांचीच छापा, बाई. रविवारी ती लिहिताना ते जेवायलासुद्धा उठले नाहीत." तिनं बाईंच्या हातातलं आपलं पान हळूच काढून घेतलं. "माझी मला परत द्या. जिना अजून तळाला पोचायचाय."

मग थोडा विचार करून ती म्हणाली, "पण खाली नाव बाबांचं टाका हं. माझं टाकलंत तर त्यांना वाईट वाटेल."



बाईंनी डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि सशाचा कागद पुढे ओढला.

"नाव लिहिते," त्या वडिलांना म्हणाल्या. "इयत्ता कोणती घालू?"