तिसरा गिअर

"शिकलगार, गिअर ऑइल जरा जाड टाका. उतारावर तिसरा गिअर आपोआप निसटतोय. महिनाभरच झालं, आधी कधी नव्हतं."

शिकलगार मिस्त्रींनी थोडं ऑइल बोटावर घेतलं. काळ्या थेंबात धातूचा चुरा चमकला.

"जाड ऑइलनं काय होणार न्हाई, इंगवलेकाका. आतले दात झिजल्यात. हे दुखणं महिन्याचं नव्हं, लई वर्षांचं हाय. चला, एक चक्कर मारू."

उतार लागताच डाव्या सीटवरून शिकलगारांनी गिअरची मूठ गच्च दाबून धरली.

"बघा, असं धरलं की निसटत न्हाई. आधी कोण धरत हुतं काय?"

मागच्या महिन्यात वारलेली इंगवलेंची बायको वत्सला घाटात नेहमी असाच मुठीवर हात ठेवायची. "भित्री कुठली! हात काढ," म्हणून ते खेकसायचे. ती नुसती हसायची, पण गाडी सपाटीला लागेपर्यंत हात काढायची नाही.

गाडी उद्या दुरुस्तीला सोडतो म्हणून ते एकटेच घरी निघाले. उतारावर त्यांनी मुठीवर तळहात दाबला. मूठ आतून धक्के देत होती.

पहिल्याच वळणाला त्यांचं मनगट दुखायला लागलं.