घाणीची बाजू

किनाऱ्यावर गुडघाभर शेवाळ कुजत पडलं होतं. तपकिरी, बुळबुळीत, मेलेले मासे पोटात घेऊन. नासक्या अंड्यांचा वास थेट मस्तकात जात होता. एव्हारिस्तनं सलूनात दाढीनंतर लावतात त्या सुगंधी रममध्ये भिजवलेला रुमाल नाकावर करकचून बांधला होता. थुंकायचं तर तो वर करावा लागे, आणि तो सारखा थुंकत होता.

"शी! या नरकातून पाण्यात उतरू? मी माणूस आहे की डुक्कर?"

"नवशिके आहात," नोएमी म्हणाली. ती त्याची मुलगी, आणि हातात पंख धरून वाऱ्यावर फळी चालवायला शिकवणारी गावातली एकुलती एक मास्तरीण. "हेल्मेट लावा. पायाला दोरी बांधा. पडाल तेव्हा फळीपासून लांब पडा, खालचं पातं सुरीसारखं आहे. आणि उतरायचं ते इथूनच."

"टेकाडापलीकडे पाणी बघ, नुसती काच आहे!"

"तिकडचा वारा खोल समुद्रात ढकलतो, पपा. इथं जो वारा ही घाण आणून टाकतो ना, तोच तुम्हालाही परत आणून टाकेल."

"म्हणजे मीही कचराच!"

"सध्या तरी."

ती दुसऱ्या शिकणाऱ्यांचे पट्टे तपासायला वळली. एव्हारिस्तनं पंख बगलेत मारला, फळी डोक्यावर घेतली आणि टेकाड ओलांडलं.

वास इथंही येत होता, पण पायाखाली घाण नव्हती. पांढरी वाळू, निळं पाणी. तो फळीवर गुडघे टेकून बसला, पंख उचलला आणि लोण्यावरून सुरी सरकावी तसा निघाला. उभा राहिला, पडला. चढला, पुन्हा पडला. पडताना न चुकता फळीपासून लांब पडत होता. कोण म्हणतं नवशिका? पोरगी उगाच घाबरट आहे.

मग त्याच्या लक्षात आलं, वास थांबलाय. त्यानं रुमाल गळ्यात ओढला आणि छातीभर श्वास घेतला. काही नाही. खारं, स्वच्छ वारं. तो एकटाच हसला.

हसू अर्ध्यावर राहिलं. तो वास गावात चर्चच्या दारापर्यंत येत होता, सकाळच्या कॉफीत येत होता. मग इथं का येत नाही?

त्यानं मागे वळून पाहिलं. किनाऱ्यावरचे माड काडेपेटीतल्या काड्यांएवढे झाले होते.

पंख फिरवला, तर वाऱ्यानं पाण्यात आपटला. पालथं पडून हातांनी पाणी मारलं, तर किनारा आणखी लहान झाला. शेवटी त्यानं फळीला मिठी मारली. फळी सोडायची नाही, एवढं एक त्याला आठवत होतं. त्याला स्वतःची किळस आली. पायाला शेवाळ लागू नये म्हणून साठीचा बाप्या मरायला निघाला होता.

मोटारबोटीचा आवाज आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. नोएमीनं त्याला अंगातल्या तरंगत्या जाकिटाला धरून मासा ओढावा तसा आत ओढला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या नाकानं," ती म्हणाली. "ते कुठं पळणार, ठाऊक आहे मला."

तिनं सुकाणू गरकन फिरवलं.

टेकाडाच्या टोकाला वळसा घालून बोट घाणीच्या बाजूला आली आणि वास अंगावर धावून आला. एव्हारिस्तनं उडी टाकली तो कमरेपर्यंत शेवाळात. पोटरीला काहीतरी फुगलेलं, मऊ चिकटलं. त्याला उमासा आला. हात गळ्यातल्या रुमालाकडे गेला.

नोएमी बोटीत त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

त्यानं गाठ सोडली आणि रुमाल तिच्या हातात कोंबला.

"डोळे पूस," तो म्हणाला. मग बोटीतली फळी खाली ओढली आणि उघड्या नाकानं, शिव्या घालत, त्या लगद्यातच फळीवर पुन्हा गुडघे टेकून बसला.