तारबाबूच्या लेकराचा बाप्तिस्मा

"या बालकाचा बाप्तिस्मा पूर्वी झाला आहे काय?" पाद्रीसाहेबानं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं.

"नाही, साहेब," भगवंतराव तारबाबू म्हणाला.

"झाला हाय," दारातून आवाज आला.

अकोल्याच्या त्या लहानशा इंग्रजी गिरजाघरात वैशाख असा तापला होता की मेणबत्त्या पेटवण्याआधीच माना टाकून बसल्या होत्या. तरी त्या दोन शब्दांनी सगळे गारठले. दारात भगवंतरावची आई उभी होती. मैनाबाई. गळ्यात तुळशीची माळ, पायात काही नाही.

या दिवसासाठी भगवंतरावनं जिवाचं रान केलं होतं. इंग्लंडच्या पंथाचा नियम असा, की मुलाला दोन धर्मबाप आणि एक धर्ममाय पाहिजे, आणि तिघंही पाणी पडलेले, म्हणजे बाप्तिस्मा झालेले. अशी माणसं वऱ्हाडात गोळा करणं म्हणजे संत्र्याच्या बागेत नारळ शोधणं. एक धर्मबाप बडनेऱ्याहून मिळाला. दुसरा एलिचपूरचा, त्याला दमणीत बसवून आणावं लागलं. रस्त्यात बैलांपेक्षा तोच जास्त कण्हला. धर्ममाय अमरावतीची शाळामास्तरीण. पाद्रीही अमरावतीचाच, अकोल्याला तीन महिन्यांतून एकदा यायचा. त्याची तारीख धरायला भगवंतराव स्वतः जाऊन आला होता. नाव ठरलं होतं शमुवेल. बोलावणं गेलं नव्हतं ते एकट्या आईला.

त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी याच गिरजाघरात त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला. आदल्या दिवशी त्यानं आईपुढं हात जोडले होते, "तू काही करू नको माय, नुसती ये." ती आली नाही. तेव्हापासून मायलेक एका अंगणात राहत, पण बोलायचं ते म्हशीशी. "म्हशे, त्याले सांग, भाकर झाकून ठेवली हाय." "म्हशे, तिले सांग, मले भूक नाही." म्हैस या काळात चारदा व्याली, पण निरोप्याची नोकरी काही सुटली नाही. स्टेशनावरचे लोक म्हणत, तारबाबूची तार चुकेल, म्हशीचा निरोप चुकणार नाही.

पाद्री गोरा होता. मराठी पुण्यात शिकलेला. त्यानं घाईनं पानं उलटली. अशा प्रसंगासाठी पुस्तकात चार प्रश्न होते.

"हे कोणी केले?"

"म्या."

"तेव्हा जवळ कोण होते?"

"जहाँआरा. सुईन. तिनं लेकराचं डोकं धरलं होतं."

एलिचपूरच्या धर्मबापाला ठसका लागला.

"कशाने केले?"

"पान्यानं. माठातल्या." मैनाबाईनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. "हा गेला होता अमरावतीले, तुमालेच बलवाले. सून तापात बेसुद. बारा दिसाचं लेकरू काळंनिळं पडलं, श्वास थांबला. हाच घरात सांगे, पानी पडल्याबिगर मेलं तं पाद्री मातीवर दोन शब्द बोलत नाही. मंग म्या म्हटलं, बापाचं जे घर, तेच लेकराचं. आपल्या घरी तं जाऊ द्या त्याले."

भगवंतरावला आठवलं. तो परतला तेव्हा म्हशीला एवढंच सांगितलं गेलं होतं, "पोराले जरा बरं नव्हतं, आता हाय."

"मग आजवर का सांगितले नाही?"

"आजलोक मले कोनं इचारलंच नाही. तुमी इचारलं, म्या सांगतलं."

"कोणते शब्द म्हटले?" पाद्रीनं शेवटचा प्रश्न विचारला.

मैनाबाईनं डोळे मिटले. "मी तुला बापाच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." एक अक्षर इकडंतिकडं नाही. पाद्रीच्या तोंडचा 'देतो'सुद्धा जसाच्या तसा.

पाद्रीनं दोन पानं पुढं पाहिली, दोन मागं. पाणी घालणाऱ्याचा धर्म कोणता, हे पुस्तक कुठंच विचारत नव्हतं.

"नाव काय ठेवले?"

मैनाबाईनं पदर पुढं ओढला. "त्याच्या आज्याचं."

"म्हणजे कोणते?"

"धन्याचं नाव कशी घेऊ, साहेब? तवा लेकराचा जीव जाऊन राह्यला होता, तवा घेतलं. आता कावून घेऊ?"

"सहदेव," भगवंतराव म्हणाला. बापाचं नाव त्यानं आठ वर्षांत उच्चारलं नव्हतं.

भगवंतरावच्या बायकोनं, कौशल्येनं, पदराखालचं लेकरू घट्ट धरलं. शमुवेलसाठी आणलेलं चांदीचं वाळं धर्ममायच्या मुठीतच राहिलं. पाद्रीनं पाण्यात बुडवलेला हात बाहेर काढून अंगरख्याला पुसला.

"हा आमचाच आहे," तो म्हणाला. "मी याला फक्त आत घेऊ शकतो. जे एकदा झाले, ते पुन्हा करता येत नाही."

भगवंतराव आईजवळ गेला. अगदी जवळ. तिच्या कानशिलावरचे केस पार पांढरे झाले होते. हे कधी झालं, त्याला कळलं नव्हतं.

"माय," त्यानं विचारलं, "हे शब्द तुले कोनं शिकवले?"

"तुह्याच वक्ताले आयकले."

"तू तं आली नव्हती."

"भावकी समोर पहाऱ्याले उभी होती, म्हनून मी मांगच्या खिडकीपाशी होती," मैनाबाई म्हणाली. "तू सारा वक्त दाराकडंच पाहून राह्यला होता, बापू."