नाव घेण्याआधी

"नाव घेतल्याबिगर आत पाय ठेवू देणार नाही," म्हणत बेबीताईनं नव्या घराचं दार अडवलं. दारात तिचा धाकटा भाऊ इंद्रभान आणि त्याची बायको समता उभे होते. समताच्या हातात पाण्यानं भरलेला कलश. वास्तुशांतीला बहिणीनं दार अडवायचं आणि भावानं उखाण्यात बायकोचं नाव घेऊन ते सोडवायचं, ही रीत अमडापुरात कुणी मोडत नाही.

"तुझा तो सांबाराचाच म्हण," बेबीताई म्हणाली. सांबार म्हणजे कोथिंबीर. इंद्रभानच्या मळ्यात पिकायची तीच आणि त्याच्या उखाण्यातही तीच. लग्न असो, बारसं असो, पंधरा वर्षं त्यानं हा एकच उखाणा वाजवला होता. भावकीतल्या पोराटोरांनासुद्धा तो पाठ. त्यानं ऐटीत घसा साफ केला.

"वांग्याच्या भाजीत टाकला हिरवा सांबार,
पुष्पांजलीचं नाव घेतो, सोडा आता दार."

पुष्पांजली त्याची पहिली बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि समता घरात येऊन अजून वर्षही नव्हतं झालं. त्यात भर म्हणजे दुसरी ओळ त्याच्याबरोबर चार बायकांनीही म्हटली, बेबीताईसकट. मग बेबीताई दारातून बाजूला झाली. समतानं कलश सांभाळत उजवं पाऊल आत टाकलं. तिचे वडील उत्तमराव रोहिणखेडहून आले होते. ते वाकून चपलेचा पट्टा सोडत राहिले. पट्टा कधीचाच सुटला होता.

इंद्रभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर यानंच त्याला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या.

पूजेला बसल्यापासून त्यानं जिभेवर राखण बसवली. रानडुकरं एकदा पिकात शिरून गेली, की मग माणूस मळ्यात जागलीला बसतो, तशी. भटजींनी साखर मागितली. इंद्रभान जरा थांबला आणि नीट म्हणाला, "समता, साखर दे." बरोबर आलं. पाठोपाठ फुलं हवी होती, तूप हवं होतं, तेव्हा तर नाव आपसूक तोंडात आलं. त्याला हायसं वाटलं. पण कुणाशी सोयाबीनच्या भावाच्या गप्पांत रमला, की राखण ढिली पडायची आणि जुनं नाव जिभेच्या टोकाशी हजर. मग थांबायचं, ते गिळायचं आणि हे घ्यायचं. सगळं ध्यान त्या एका नावावर, मग दुसरं काय दिसणार? पंगतीत उत्तमरावांनी भातावर कढी घेतली होती, तीवरच यानं पळीभर वरण ओतलं. "असू द्या जावईबापू," म्हणून ते मुकाट्यानं जेवले. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं इंद्रभानला वाटलं.

संध्याकाळी पाव्हणे पांगले. समता मागच्या अंगणात पंगतीच्या स्वयंपाकाचे मोठाले गंज, म्हणजे पातेली, घासत बसली होती. दिवसभरात तिनं एका शब्दानं विषय काढला नव्हता आणि इंद्रभानला तेच डाचत होतं. तो पाण्याची बादली घेऊन तिच्याजवळ गेला, थांबला आणि मग बोलला.

"समता, मले माफ कर. सवयीचा उखाणा होता, निंघून गेला तोंडातून. पण त्याच्यानंतर एकदाही चुकलो नाही. पाह्यलं ना तू?"

"हाव, पाह्यलं." तिचा हात गंजावर फिरतच होता. "दरवेळी तुमी थांबता. त्या बाईनं आंधी येऊन जावं, अन् मंग माही पाळी यावी, म्हणून मी तेवढा वेळ उभी राह्यते. दारात ती एकदाच आली होती. आता दिवसभर येऊन राह्यली."

इंद्रभानला बसायला जागा असून बसवेना. एवढं जपून घेतलेलं नाव तिला दर खेपेला लागत होतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग मी करू तरी काय, असं त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"थांबू नका," समता म्हणाली. "जे येईन ते येऊ द्या. चुकलेलं मी ऐकून घेईन."

घासलेले गंज उचलून ती स्वयंपाकघरात गेली. इंद्रभान घराला वळसा घालून पुढच्या दारी आला. बेबीताई पिशवी घेऊन निघायच्या बेतात होती. तिला जळगाव जामोदची गाडी धरायची होती, पण भावजयीच्या हातचं कुंकू लावल्याशिवाय माहेरून निघणार कशी? सकाळपासून तीही भावाच्या नजरेला नजर देत नव्हती. समताले बोलाव, मले उशीर होऊन राह्यला, असं ती जमिनीकडे बघतच म्हणाली.

थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं मनात घोकत इंद्रभान उंबऱ्याशी गेला आणि त्यानं आत तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"पुष्पांजली."

बेबीताईनं पदर तोंडात धरला.

आतून जरासुद्धा न थांबता समताचं उत्तर आलं, "हाव, आली."