मासे जिन्याने

लिफ्टने दुसरा मजला सोडला आणि चंद्रप्रकाश काकांनी नाक वर केलं.

"ही लाल. हिच्यातून मासे नेलेत."

"बरोबर," मधुवंती म्हणाली आणि हातातल्या कागदावर 'लाल'पुढे फुली मारली.

तिच्या छोट्या ट्रॉलीवर तीन पिशव्या होत्या. लाल, करडी आणि निळी. बाहेरून जाड कापड, मध्ये फोम, आत चंदेरी अस्तर आणि वर भक्कम चेन. तीन परदेशी कारखान्यांनी पाठवलेले हे नमुने. बर्फ तिन्हींत सहा-सहा तास टिकला होता. बोरीवलीच्या याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसून मधुवंती आठ वर्षं हा धंदा करत होती. डबे, बाटल्या, पिशव्या बाहेरून मागवायच्या आणि इथे विकायच्या. हलका माल तिला फोटोवरूनच कळायचा. वास मात्र फोटोत येत नाही, आणि या वेळी सगळं अडलं होतं वासावर.

पिशव्या हव्या होत्या प्रेमाताईंना. त्या आणि त्यांच्या गटातल्या बायका गोराईहून तरीने खाडी ओलांडून यायच्या आणि फोनवर आलेल्या ऑर्डरी घरपोच द्यायच्या. या इमारतीत त्यांची अकरा गिऱ्हाइकं होती, बहुतेक वरच्या मजल्यांवर. पण लिफ्टमध्ये काकांनी, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींनी, पाटी लावली होती: 'मासे जिन्याने न्यावेत.' खाली सही. सात मजले चढून-उतरून प्रेमाताईंच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती, आणि डॉक्टरांनी आता जिना बंदच करायला सांगितलं होतं. शेजारच्या सोसायट्याही तशाच पाट्या लावू लागल्या होत्या. मधुवंतीला या पाटीचा मनापासून राग यायचा. मासे खाणारे लिफ्टने जाणार आणि आणून देणारी जिन्याने, हा कुठला न्याय?

'आधी पिशव्या बघा, मग पाटीचं ठरवा,' असं सांगून तिने आज काकांची वेळ घेतली होती. आजच, कारण उद्यापासून तिन्ही कारखान्यांना त्यांच्या नववर्षाची लांबलचक सुट्टी लागत होती. तीनशे पिशव्यांची ऑर्डर संध्याकाळच्या आत जायला हवी होती, आणि ती बरोबर पिशवीचीच जायला हवी होती.

पाचवा मजला गेला. काका करडीकडे झुकले.

"हिलाही येतोय. चेनपाशी. बारीक आहे, पण आहे."

मधुवंतीने दुसरी फुली मारली. काकांवर तिचा राग असला तरी त्यांच्या नाकाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चहाच्या कंपनीत बत्तीस वर्षं त्यांनी नुसत्या वासावर चहाची प्रत ठरवली होती. निवृत्त झाल्यावर ते नाक सोसायटीच्या कामाला लागलं. कुणाकडे दूध करपलं आणि कुणी फोडणीत हिंग विसरलं, हे ते जिन्यात उभ्या उभ्या सांगायचे.

गच्चीलगतच्या सोसायटीच्या ऑफिसात काकांनी निळी पिशवी टेबलावर ठेवून घेतली. चेन हुंगली, कडा हुंगल्या, तळ हुंगला.

"रबराचा वास. नव्या मालाला असतो तो. बाकी काही नाही. कुठली म्हणालीस?"

"व्हिएतनामची. लहानसा कारखाना आहे, एक बाई चालवतात. बाकीच्या दोघांनी मला पहिल्याच निरोपात विचारलं, किती नग? या बाईंनी विचारलं, मासा कोणता?"

"मग?"

"मी ओल्या बोंबलांचा फोटो पाठवला. केवढं पाणी सुटतं त्यांना! तर या बाईंनी आतलं अस्तर शिवलंच नाही, उष्णतेने एकसंध जोडून दिलं. सुईचं एक भोक नाही."

"चांगलं आहे," काका म्हणाले. त्यांनी पिशवीवर कोपर टेकवलं आणि ते ऐसपैस बसले. "पण हे बघ पोरी, परदेशातून आलेली कोरी पिशवी तू माझ्यापुढे धरतेस. कोरी पिशवी कुणाचीही चांगलीच. मासे भरून आण, मग बोल."

"आणि मासे भरूनही वास आला नाही तर?"

"माझ्या नाकाला?" काका मोठ्याने हसले. "माझ्याशेजारी मासे आहेत आणि मला कळलं नाही, असं ज्या दिवशी होईल ना, त्या दिवशी ती पाटी मी माझ्या हाताने काढीन!"

"नक्की ना काका?"

"सही करून देऊ?"

सही नको होती. मधुवंतीने फोन काढला आणि व्हिएतनामला एका ओळीचा निरोप धाडला: निळ्या, तीनशे. मग तिने खाली गेटपाशी थांबलेल्या प्रेमाताईंना फोन लावला.

"प्रेमाताई, निळी ठरली. वर या. जिना नको हं, लिफ्टने या."

"आगो बाय, आनि ती पाटी?" फोनमधला खणखणीत आवाज काकांनाही ऐकू गेला.

"ती काका काढतायत."

"अगं, केवढी घाई तुला!" काका म्हणाले. "आधी त्यांना मासे तर आणू दे."

मधुवंतीने फुल्यांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"तिन्ही पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो ओले बोंबील आहेत, काका. तिसरीवर तुमचं कोपर टेकलंय."